प्रस्तावना : ‘ओंडिना’ची चाकरी

युद्धाचा इतिहास लिहिणाराची दृष्टी स्वभावतःच तोफेकडे जाते, आणि त्या तोफेपाशी दारूगोळा, धान्य व इंधन ज्यांनी आणून पोचविले त्यांची नावे ग्रंथाच्या परिशिष्टात कोठे तरी पडून राहतात. पानिपतावर रसद तुटली म्हणून मराठ्यांवर तो प्रसंग ओढवला हे आपल्याकडे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. परंतु ती रसद कोण आणीत होते, कोणत्या वाटेने आणीत होते आणि वाटेत त्यांचे काय झाले, याची वास्तपुस्त फारसा कोणी करीत नाही. दुसऱ्या महायुद्धातली समुद्रावरची रसद म्हणजे मुख्यतः तेल. आणि ते वाहून नेण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा शेकडो जहाजांपैकी एका डच जहाजाची, ‘ओंडिना’ची, हकीकत या पुस्तकात सांगितली आहे. या जहाजाचे नाव जगाला जे थोडेफार माहीत आहे ते एका दुपारच्या लढाईमुळे. ती लढाई मोठी होती यात संशय नाही. पण तिच्या मागचे व पुढचे आयुष्य बाजूला सारून तिचा अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेचा हेतू त्या मताची पार्श्वभूमी वाचकांपुढे ठेवावी एवढाच आहे.

१९४२ साल उजाडले तेव्हा पूर्वेकडील तेलाचा सारा जमाखर्च अवघ्या काही महिन्यांत उलटापालटा झाला. जानेवारीत बोर्निओच्या किनाऱ्यावरील ताराकान व बालिकपापन, फेब्रुवारीत सुमात्रातील पालेंबांग, अशी डच वसाहतींतील तेलाची एकेक ठाणी जपानच्या हाती गेली. मार्चमध्ये रंगून पडले, आणि एप्रिलमध्ये इरावतीच्या काठच्या येनान्जाउंग येथील विहिरी, शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून, ज्यांनी त्या खोदल्या त्यांनीच जाळून टाकल्या. ब्रह्मदेशातून येणारे रॉकेल बंद झाल्याचा अनुभव आपल्या खेडोपाडींच्या घरांनी रांगा लावून आणि दिव्याची वात बारीक करून घेतला, व शहरांतून कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या धुरकट मोटारी धापा टाकीत फिरू लागल्या. मात्र त्या टंचाईचा धागा इतक्या दूरच्या समुद्रापर्यंत जाऊन पोचतो हे त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही. ऑस्ट्रेलियाची अवस्था याहूनही बिकट होती. जावा-सुमात्राचे तेल शेजारचे. ते गेल्यावर उरले इराणी आखातातील आबादान आणि अमेरिका, म्हणजे दोन्हीकडून हजारो मैलांचा उघडा सागर. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात अमेरिकन पाणबुड्यांचा मोठा तळ याच वर्षी बसला, आणि पाणबुडी ही कितीही शूर असली तरी तेलावाचून ती गोदीतले लोखंडच. अशा स्थितीत हिंदी महासागर आडवा ओलांडणारे प्रत्येक तेलवाहू जहाज म्हणजे दोन्ही पक्षांच्या दृष्टीने मोलाचा ऐवज होऊन बसले होते.

‘ओंडिना’ १९३९ साली आम्स्टरडॅम येथे बांधून पुरी झाली. शेल समूहातील ‘ला कोरोना’ या कंपनीची ती मालकी; नोंदणीचे माप ६,३४१ टन, आणि वेग ताशी सुमारे बारा सागरी मैल. पुढे १९४० च्या मे महिन्यात हॉलंड जर्मनांच्या टाचेखाली गेले. देश गेला, पण देशाची व्यापारी जहाजे जगभरच्या बंदरांत पसरलेली होती, आणि लंडनमध्ये आश्रयास गेलेल्या डच सरकारने ती सारी दोस्तांच्या सेवेस रुजू केली. ज्या खलाशाला परत जाण्यास घराचे बंदर उरलेले नाही त्याने कोणा परक्याच्या तळासाठी तेल वाहावे, या परिस्थितीतला करुण भाग वर्णन करण्याचा मोह लेखकाला होतो. तो मी आवरला आहे, कारण ‘ओंडिना’वरच्या माणसांना त्यासाठी फारशी उसंत असेल असे मला वाटत नाही. अधिकारी डच, खलाशी चिनी आणि तोफेवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे निरनिराळ्या दलांतून तैनात केलेले तोफची, असा तो संमिश्र प्रपंच होता. तोफ एकच, चार इंची, जहाजाच्या पिछाडीस बसविलेली. आणि तिच्यासाठी गोळे होते बत्तीस. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

तेलवाहू जहाजाच्या बांधणीविषयी येथेच दोन शब्द सांगणे इष्ट आहे, कारण पुढची कथा त्यावर अवलंबून आहे. साध्या मालवाहू बोटीचे पोट म्हणजे चार-सहा मोठी दालने. त्यांतल्या एकाला भोक पडले तर जहाजाच्या तरंगण्याच्या शक्तीचा मोठा भाग नाहीसा होतो. तेलवाहू जहाजाचे पोट उभ्या-आडव्या पोलादी पडद्यांनी अनेक टाक्यांत विभागलेले असते, ते एरवी तेल हिंदकळून जहाज कलंडू नये म्हणून. इंजिने अगदी मागे, टाक्यांपासून अलग. त्यामुळे भरल्या तेलानिशी पेटले तर त्यासारखा भयंकर मृत्यू समुद्रावर दुसरा नाही, पण पेटले नाही तर ते बुडविणेही सोपे नाही. दोन टाक्या फुटल्या तरी बाकीच्या त्याला तोलून धरतात, आणि ज्या नळांनी व पंपांनी तेल इकडचे तिकडे करावयाचे त्याच पंपांनी पाणी फिरवून कललेले जहाज पुन्हा सरळ करता येते. व्यापाराच्या सोयीसाठी केलेली योजना अशी युद्धात चिलखतासारखी उपयोगी पडली.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंडिना’ने फ्रीमँटल सोडले ते दिएगो गार्सियाच्या रोखाने. सोबतीला म्हणून दिलेली नौका होती ‘बेंगॉल’, रॉयल इंडियन नेव्हीची; आणि येथे या डच जहाजाची कथा आपल्या दाराशी येऊन पोचते. हिंदी आरमारासाठी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या चार सुरुंगसफाई नौकांपैकी ती एक. बाकीच्या तिघी ‘बाँबे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’. त्यांतली ‘बाँबे’ तर त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस, जपानच्या चिमुकल्या पाणबुड्या सिडनीच्या बंदरात शिरल्या त्या रात्री, तेथेच उभी होती. ‘बेंगॉल’ सिडनीच्या कॉकाटू गोदीत तयार होऊन ऑगस्टमध्ये सेवेत दाखल झाली होती आणि आता प्रथमच हिंदुस्थानाकडे निघाली होती, म्हणजे ही तिची एका अर्थी सासरी जाण्याची पहिलीच सफर. सहाशे-सातशे टनांची ही नौका. तिच्यावर चार इंची तोफ बसवावयाची होती ती मिळाली नाही म्हणून तीन इंची, बारा रत्तली गोळ्याची तोफ बसवून तिची बोळवण केलेली, आणि बाकी विमानविरोधी हलक्या तोफा. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. खालच्या दर्जाच्या खलाशांची भरती युद्धापूर्वी बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही कोकणी मुसलमान दर्यावर्द्यांतून होत असे. युद्धात ती साऱ्या प्रांतांना मोकळी झाली. आंग्र्यांच्या आरमाराचे गोडवे गाणारे आपण मराठी लेखक त्यानंतरच्या दोनशे वर्षांत कोकणच्या खलाशाचे काय झाले याविषयी जवळजवळ मौन पाळतो. तो कोठेही नाहीसा झाला नव्हता, परक्या निशाणाखाली का होईना, पण डेकवरच होता.

समोरून येत होती ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही जपानी जोडी. ही मूळची ओसाकाच्या कंपनीची उतारू-मालवाहू जहाजे, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. १९४१ साली आरमाराने ती ताब्यात घेऊन त्यांवर पाच-साडेपाच इंची तोफा, पाणतीर सोडण्याच्या नळ्या आणि पाण्यावर उतरणारी विमाने असा सरंजाम चढविला, आणि समुद्रावर वाटमारी करण्यासाठी त्यांना सोडून दिले. त्यांच्या पूर्वीच्या कामगिरीतली एक नोंद मला फार बोलकी वाटते. ९ मे १९४२ रोजी याच जोडीने ‘गेनोटा’ नावाचे डच तेलवाहू जहाज पकडले. तेही ‘ला कोरोना’चेच, म्हणजे ‘ओंडिना’चे सख्खे भावंड. ते त्यांनी बुडविले नाही. जप्त करून नेले, ‘ओसे’ असे नवे नाव दिले आणि जपानी आरमाराचे तेल वाहण्यास लावले. १९४४ च्या मार्चमध्ये पालाऊ येथे अमेरिकन विमानांनी बुडवीपर्यंत ते तीच चाकरी दुसऱ्या धन्याची करीत होते. जुलैत न्यूझीलंडचे ‘हौराकी’ त्यांनी असेच धरून नेले. या मागील हिशेबावरून माझा तर्क असा की, नोव्हेंबरच्या त्या दिवशी त्यांनी दुरूनच, जेथे चार इंची तोफेचा पल्ला पोचत नाही अशा अंतरावरून, निवांतपणे गोळे टाकून दोन्ही जहाजे बुडविली नाहीत, तर आत्मविश्वासाने जवळ जवळ येत गेली, ती तेलाच्या जहाजाचा लोभ सुटला नाही म्हणून. लहानग्या सोबतिणीला झटकून टाकावे व मोठीला दावणीला बांधून न्यावे, असा तो बेत असावा. बारा मैलांची ‘ओंडिना’ वीस मैलांहून अधिक वेगाच्या जहाजांपुढून पळून जाणार नव्हती, हे उघडच होते.

११ नोव्हेंबरला दुपार होण्याच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, डोलकाठीवरच्या पहारेकऱ्याला पहिले जहाज दिसले आणि मग दुसरे. विल्सन यांनी ‘ओंडिना’ला स्वतंत्रपणे निघून जाण्याचा व नंतर ठरल्या ठिकाणी भेटण्याचा इशारा केला, आणि स्वतः ‘बेंगॉल’ची नाळ सरळ ‘होकोकू मारू’कडे वळविली. ज्याला युद्धशास्त्राची तोंडओळख आहे त्यानेही हा प्रकार आत्मघातकीच म्हटला असता. परंतु लहान तोफेच्या नौकेला शत्रूचे काही बिघडवावयाचे असेल तर जवळ जाण्यावाचून गत्यंतर नसते, आणि समोर येणारी नौका ही आडव्या नौकेहून लहान लक्ष्य असते, असाही त्यात शहाणपणाचा भाग होता. इकडे ‘ओंडिना’चे कप्तान विलेम हॉर्समन यांनीही पळण्यात अर्थ नाही हे जाणून पिछाडीची तोफ चालविण्याचा हुकूम दिला. काही मिनिटांतच ‘होकोकू मारू’च्या पाणतीरांच्या नळ्यांजवळ एक गोळा बसला. तेथे भडका उडाला, त्या स्फोटाने तिची विमाने समुद्रात फेकली गेली, आग पसरत दारूच्या कोठारापर्यंत पोचली, आणि सुमारे तासाभरात ते दहा हजार टनांचे जहाज, आपला कप्तान आणि सुमारे पाऊणशे माणसे घेऊन, पाण्याखाली गेले.

तो गोळा कोणाचा? या प्रश्नावर आजवर जी शाई खर्च झाली तिचा विचार करता मूळ लढाईत दारू कमी खर्च झाली असे म्हणावेसे वाटते. हिंदुस्थान सरकारच्या प्रसिद्धीत श्रेय ‘बेंगॉल’ला मिळाले, आणि आपल्या नौदलाच्या परंपरेत ते आजही तसेच सांगितले जाते, डचांनी ते ‘ओंडिना’च्या तोफेस दिले. प्रत्येकाची गरज मात्र नीट दिसते. दिल्लीतल्या सरकारपुढे ऑगस्टची चळवळ ताजी होती, तुरुंग भरलेले होते, आणि हिंदी खलाशांनी सम्राटासाठी मिळविलेला असा विजय प्रसिद्ध करावयास त्याहून सोयीची वेळ आली नसती. डचांचा देश गेलेला, साम्राज्य गेलेले; त्यांनाही एका तोफेचा आधार हवा होता. एकाच लक्ष्यावर, एकाच वेळी, दोन दिशांनी गोळे पडत असता त्यांतला निर्णायक गोळा निवडून काढण्याचा आव मी आणणार नाही. पण एवढे निश्चित म्हणेन की ‘बेंगॉल’ वळली नसती तर शत्रूच्या तोफा पहिल्यापासून ‘ओंडिना’वरच रोखल्या गेल्या असत्या, आणि ‘ओंडिना’ थांबून लढली नसती तर ‘बेंगॉल’ एकट्या तीन इंची तोफेने फार काळ तग धरती ना. म्हणून श्रेयाची ही वाटणी करण्याची खटपटच मला अप्रस्तुत वाटते.

पुढचा भाग अधिक काळा आहे. ‘बेंगॉल’ची दारू संपत आली, नौकेस गोळे बसले, आणि ‘ओंडिना’ दूर गेली असावी अशा समजुतीने ती धुराच्या आडून निघून गेली. ‘ओंडिना’चे उरलेले गोळे ‘आयकोकू मारू’वर झाडून झाले, बत्तीस संपले. इंजिन थांबवून माणसे वाचवावी असा निर्णय हॉर्समन यांनी घेतला, आणि होड्या पाण्यात सोडण्याचा हुकूम सुटत असतानाच गोळ्याच्या तुकड्याने ते ठार झाले. ‘आयकोकू मारू’ने जवळ येऊन दोन पाणतीर मारले, ते दोन्ही बसले, जहाज सुमारे तीस अंशांनी कलले, आणि मग तिच्या यांत्रिक बंदुका होड्यांकडे वळल्या. त्या गोळीबारात प्रमुख अभियंता आणि आणखी काही माणसे मारली गेली. याच जोडीने पूर्वी पकडलेल्या जहाजांवरची माणसे कैदी म्हणून जिवंत नेली होती हे मी वर सांगितलेल्या नोंदींतून दिसते. तेव्हा डोळ्यांदेखत आपले जोडीदार जहाज गेल्याचा संताप या कृत्यामागे असेल. संतापाने कृत्याचे कारण कळते, त्याची सफाई होत नाही. आपल्या बुडालेल्या सोबत्यांना पाण्यातून उचलून ‘आयकोकू मारू’ परत आली, तिने आणखी एक पाणतीर सोडला तो चुकला, आणि हे कललेले जहाज आता आपोआप बुडेल असे मानून ती निघून गेली.

या पुस्तकात मी ज्या प्रकरणावर सर्वांत अधिक पाने खर्च केली आहेत ते येथून सुरू होते. होड्यांतली माणसे पाहत राहिली, जहाज बुडेना. पहिले अधिकारी रेहविंकेल यांनी काही जणांना घेऊन त्यावर पुन्हा पाय ठेवला, आग विझविली, आणि इंजिनांची पाहणी केली तो ती धड होती. कललेल्या बाजूच्या विरुद्ध टाक्यांत पाणी घेऊन जहाज सावरण्यात आले, उरलेली माणसे वर घेतली गेली, आणि त्या संध्याकाळी, दोन पाणतीर खाल्लेले ते जहाज फ्रीमँटलच्या दिशेने परत निघाले. परंतु एक अडचण अशी उभी राहिली की तिच्यात शोकांतिका आणि प्रहसन यांची सरमिसळ आहे. जहाज सोडण्यापूर्वी नियमाप्रमाणे सारी संकेतपुस्तके समुद्रात बुडविलेली होती. जखमींना वैद्यकाची निकड होती म्हणून बिनतारी संदेश उघड्या भाषेत पाठवावा लागला. तो फ्रीमँटलच्या कचेरीत पोचला, आणि तेथे ही शत्रूचीच हूल असावी असा संशय घेऊन उत्तर देण्यात आले नाही. त्या अधिकाऱ्यांस दोष देणे सोपे आहे, पण तसे करणे न्यायाचे होणार नाही. उघड्या भाषेत बोलणाऱ्या अनोळखी जहाजाला आपल्या बंदराचा ठावठिकाणा विचारू देणे हे युद्धकाळात कोणत्याही दफ्तराने पत्करले नसते. तिकडे ‘बेंगॉल’ने ‘ओंडिना’ गेल्याची खबर दिलेली, इकडे ‘ओंडिना’वर ‘बेंगॉल’ बुडाल्याची समजूत. दोघीही एकमेकींच्या नावाने स्नान करून मोकळ्या झालेल्या, आणि दोघीही तरंगत होत्या. १८ नोव्हेंबर रोजी, आठवडाभराने, ‘ओंडिना’ फ्रीमँटलला पोचली.

बहुतेक लेखक येथे थांबतात. जहाज मात्र थांबले नाही. एवढ्या मोडतोडीची दुरुस्ती करण्यास तेथील गोद्यांना सवड नव्हती, म्हणून ते वायव्य ऑस्ट्रेलियातील एक्समथच्या आखातात नेऊन, तरंगत्या तेलसाठ्याच्या कामास लावण्यात आले. फ्रीमँटलहून उत्तरेला जपानी सागरांत शिकारीस जाणाऱ्या अमेरिकन पाणबुड्या येथे क्षणभर थांबून टाक्या काठोकाठ भरून घेत, कारण तेवढ्या तेलाने त्यांचा गस्तीचा काळ लांबत असे. फुटक्या कुशीचे, एका जागी नांगरलेले, ऊन खात पडलेले ते जहाज अशा रीतीने शत्रूच्या ज्या जहाजांपर्यंत त्याची तोफ कधी पोचली नसती तेथवर जाऊन पोचत होते, आणि त्याच्या साऱ्या चाकरीत शत्रूला सर्वांत महाग पडलेला काळ हाच असावा असे मला वाटते. तेलवाहू जहाजांची टंचाई इतकी वाढली की पुढे त्याला तशा स्थितीत पॅसिफिक ओलांडून फ्लोरिडातील टॅम्पा येथे नेण्यात आले. १९४४ साली तेथे दुरुस्ती होऊन ते पुन्हा तेल वाहू लागले. ‘आयकोकू मारू’ला तेवढे आयुष्य लाभले नाही, त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला त्रुक येथे अमेरिकन हवाई हल्ल्यात ती फुटून बुडाली.

हॉर्समन यांना १९४८ साली मरणोत्तर डच ‘विल्यम’ सन्मानाचे पदक मिळाले आणि जहाजाचाही राजाज्ञेत गौरवपूर्वक उल्लेख झाला. विल्सन यांना ब्रिटिश आरमारातील डी. एस. ओ. हा सन्मान लाभला. ‘बेंगॉल’ स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात राहिली व १९६० पर्यंत सेवा करून मोडीत निघाली. ‘ओंडिना’ तिच्या एक वर्ष आधी हाँगकाँगच्या मोडीच्या धक्क्यावर गेली.

ज्या वाचकांना केवळ लढाई वाचावयाची असेल त्यांनी मधले एक प्रकरण वाचून पुस्तक मिटविले तरी माझी तक्रार नाही. ते प्रकरण मी होता होईल तो संक्षेपाने लिहिले आहे. एक्समथच्या आखातावरील प्रकरण लांबले आहे, त्यात घडामोड थोडी आहे आणि टन, पंप व नळ यांची भाषा पुष्कळ आहे. छापखान्याकडे देण्यापूर्वी ते कमी करावे असे स्नेह्यांनी सुचविले होते, ते मी मानले नाही. जहाजांची नावे मराठीत जशी उच्चारली जातात तशीच ठेवली आहेत, आणि सागरी मैल व टन यांची मापे मूळ नोंदींप्रमाणे दिली आहेत.